कॅरोटिड डॉपलर: रिपोर्टमधले आकडे आणि पुढची तपासणी

हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा एका डोळ्यापुढे पडदा आला आणि थोड्या वेळात सगळं पूर्ववत झालं, तरी ते अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्रास अजून चालू असेल तर डॉपलरसाठी, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्यांच्या सोनोग्राफीसाठी, थांबू नका, सीटी स्कॅन असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. नुसती चक्कर येते म्हणून मानेची तपासणी करण्यात मात्र सहसा अर्थ नसतो.

पहिली तपासणी कॅरोटिड डॉपलर. रत्नागिरी, चिपळूणला ती होते. उपाशी राहायला नको. सैल गळ्याचे कपडे घाला. मंगळसूत्र, साखळी घरीच काढून ठेवा. खांद्याखाली छोटी उशी देऊन मान थोडी मागे करतात, चेहरा दुसऱ्या बाजूला वळवतात आणि जेल लावून गळ्याच्या मुळापासून जबड्यापर्यंत दोन्ही बाजू तपासतात. अर्धा तास धरा.

रिपोर्टमध्ये नुसतं 'अडथळा आहे' असं असेल तर आतल्या (इंटर्नल) कॅरोटिडचा पीएसव्ही, म्हणजे रक्ताचा कमाल वेग, विचारून घ्या. वाट अरुंद झाली की रक्त जोरात धावतं. सेकंदाला 125 सेंटिमीटरपेक्षा कमी वेग म्हणजे अडथळा 50 टक्क्यांच्या आत, 125 ते 230 म्हणजे 50 ते 69 टक्के, त्यापुढे 70 किंवा जास्त. पण धमनी जवळजवळ बंद झाली की वेग उलट घटतो आणि आकडा फसवतो. दुसऱ्या बाजूची धमनी पूर्ण बंद असेल तर या बाजूचा वेग उगाच वाढलेला दिसतो. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरींचा रक्तप्रवाहाशी होणारा कोन 60 अंशांपुढे गेला तरी माप चुकतं, आणि कॅल्शियमच्या थराची सावली पडली की पलीकडचं दिसतच नाही.

अशा वेळी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेत औषध टोचून धमन्यांचा सीटी स्कॅन, करतात. त्यासाठी आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणार असाल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) गावातच तपासून रिपोर्ट सोबत घ्या. तो नसला तर आयोडीनचं औषध टोचायला तिथे थांबवून ठेवतात. मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी, आधीची अ‍ॅलर्जी आधीच सांगा. औषध शिरेत जाताना अंगभर ऊब पसरते, घाबरू नका. एमआर अँजिओग्राफी, म्हणजे एमआरआय यंत्रावरची धमन्यांची तपासणी, औषधाशिवायही होते, पण तशी केली तर अडथळा आहे त्याहून मोठा दिसू शकतो. पेसमेकर असेल तर तंत्रज्ञाला सांगितल्याशिवाय आत जाऊ नका. धमनीत कॅथेटर (बारीक नळी) घालून एक्स-रेवर करायच्या डीएसए तपासणीमध्ये पक्षाघाताचा थोडा धोका असतो, म्हणून आधीच्या तपासण्या जुळत नसतील किंवा स्टेंट घालायचा असेल तेव्हाच ती करतात.

फिल्मसोबत सीडी मागा आणि ती उघडते का, हे केंद्रातच पाहून घ्या.