मदत केंद्र हाती आलं? आधी ड्युटीचा तक्ता लावा

लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायका-मुलींसाठीचं केंद्र माझ्याकडे आलं, तेव्हा मला समुपदेशन येत होतं. माणसं सांभाळणं नाही. सगळ्यात चांगल्या कार्यकर्तीलाच प्रत्येक अवघड केस देत गेले. चार महिन्यांत ती राजीनामा घेऊन समोर उभी! आता रात्री सिव्हिलला थांबलेलीला दुसऱ्या दिवशी सुट्टी, न मागता.

तक्ता करताना भाषा बघा. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडची कन्नड. विड्या वळणारी एक आजी नातीला घेऊन आली, मराठीत नुसतं ‘हो, हो’ करत राहिली. आमची तेलुगू ताई शेजारी टेकली, तेव्हा कुठं बोलती झाली.

आठवड्यातून एकदा प्रत्येकीबरोबर अर्धा तास बसा. चहा सांगा, फोन बंद. ‘केसेस किती झाल्या?’ हे रजिस्टर सांगतंच. ‘कुठली केस डोक्यात घेऊन घरी गेलीस?’ असं विचारा.

कायद्याचा एकच कागद भिंतीवर लावा: मूल अठराच्या आतलं असेल तर पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा), २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक, उपचार सरकारी-खासगी दोन्हीकडे मोफत, हद्दीचं कारण सांगून पोलीस ठाण्यानं परत पाठवायचं नाही. फायलीवर नाव नाही, नंबर. कपाटाची किल्ली दोघींकडेच.

आणि हो, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात. म्हणून त्या दिवसांचा ड्युटीचा तक्ता मी डिसेंबरातच करून ठेवते.