रॉयबॉस: कसा उकळावा, कसा प्यावा आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी

रॉयबॉस, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या पानांचे चहासारखे पेय, पहिल्यांदा करून पाहताना हमखास होणारी चूक म्हणजे तो ग्रीन टीसारखा करणे. पाणी जेमतेम गरम, पिशवी दोन मिनिटे बुडवलेली, आणि मग कपात उतरलेले फिकट नारिंगी पाणी पिऊन ‘याला काही चवच नाही’ असा निकाल. मीही पहिल्या वेळी हेच केले होते आणि ते पाकीट पुढे चार महिने फडताळात मागे पडून राहिले. दोष पाकिटाचा नव्हता. ग्रीन टीची पाने फार तापवली तर कडवट होतात, म्हणून त्यांना जपावे लागते. रॉयबॉसला जपण्याची गरज नाही. तो मुळात चहाच्या झाडापासून होत नाही, चहाला तुरट करणारी टॅनिन द्रव्ये त्यात फार थोडी असतात, आणि त्यामुळे आपण काढा करतो तसा तो उकळला तरी बिघडत नाही. उलट तेव्हाच त्याची खरी चव उतरते.

हे नाव आफ्रिकान्स भाषेतले आहे. ‘रॉय’ म्हणजे लाल आणि ‘बॉस’ म्हणजे झुडूप. आपल्याकडे कोणी ‘रूईबॉस’ म्हणतात, काही पाकिटांवर ‘रेडबुश’ असेही लिहिलेले असते, वस्तू एकच. वनस्पतिशास्त्रात या झुडपाला ॲस्पॅलॅथस लिनीॲरिस म्हणतात आणि ते तूर, हरभरा, शेवरी यांच्याच शेंगावर्गीय कुळातले आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या उत्तरेला साधारण दोनशे किलोमीटरवर सेडरबर्ग नावाची डोंगररांग आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा असतो आणि जमीन रेताड व आम्लधर्मी असते. अशा जमिनीत खोलवर मुळे सोडून हे सुईसारख्या पानांचे झुडूप उभे राहते. व्यापारी प्रमाणावर त्याचे पीक या डोंगररांगेत आणि तिच्या आसपासच्या भागातच घेतले जाते, आणि क्लॅनविल्यम हे छोटे गाव या व्यापाराचे केंद्र आहे.

चव समजून घ्यायची असेल तर त्यावर होणारी प्रक्रिया ठाऊक असलेली बरी. उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या डिसेंबरपासून पुढे, झुडपांचे शेंडे फांद्यांसकट कापतात, त्यांचे काही मिलिमीटर लांबीचे तुकडे करतात, ते चेचून त्यांच्यावर पाणी मारतात आणि उघड्या खळ्यावर त्यांचे ढीग घालून रात्रभर ठेवतात. कापताना हिरवी असलेली पाने या काळात हवेतल्या ऑक्सिजनमुळे विटकरी तांबडी होतात आणि त्यांना गोडसर वास सुटतो. सकाळी ढीग पसरून उन्हात वाळवतात, मग चाळून वाफेने निर्जंतुक करतात. हीच प्रक्रिया होऊ न देता पाने लगेच वाळवली तर ‘ग्रीन रॉयबॉस’ मिळतो, जो चवीला गवताळ आणि रंगाने फिकट पिवळा असतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने लालच घ्यावा. हिरव्याची किंमत जास्त असते आणि दुधात तो अजिबात शोभत नाही.

खरेदी करताना पाकिटाच्या दर्शनी बाजूपेक्षा घटकांची यादी वाचणे महत्त्वाचे आहे. ‘रॉयबॉस चाय’ किंवा ‘रॉयबॉस मसाला’ अशा नावाच्या मिश्रणांत कधी कधी साधी चहापावडरही असते. कॅफीन टाळण्यासाठी रॉयबॉस घेणाऱ्याचा हेतूच तिथे फसतो. काही फळांच्या स्वादाच्या मिश्रणांत लाल अंबाडीची वाळवलेली बोंडे घातलेली असतात, ज्यांना पाकिटावर ‘हिबिस्कस’ म्हणतात. ती आंबट असल्यामुळे अशा मिश्रणात दूध घातले की ते फाटते आणि दोष मात्र रॉयबॉसला दिला जातो. म्हणून यादीत फक्त रॉयबॉस असलेले, शक्यतो सुटे, पाकीट घ्यावे. आले, वेलची, गवती चहा आपल्या घरात असतातच, ते विकत घेतलेल्या स्वादापेक्षा चांगले लागतात.

आता कृती. एका कपासाठी, म्हणजे सुमारे २०० मिलिलीटर पाण्यासाठी, शिगोशीग भरलेला एक चहाचा चमचा, वजनाने दोन ते अडीच ग्रॅम, रॉयबॉस पुरतो. पाण्याला खळखळून आधण आले की त्यात तो टाकावा, भांड्यावर झाकण ठेवावे आणि किमान सात मिनिटे मुरू द्यावा. घाई नसेल तर दहा मिनिटे ठेवला तरी चालतो, आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटे उकळला तर रंग आणखी गडद येतो. चहाच्या नेहमीच्या गाळणीतून त्याच्या बारीक काड्या खाली उतरतात, म्हणून बारीक जाळीची गाळणी किंवा सुती फडके वापरावे. पिशवी वापरणार असाल तर वेळ तीच ठेवा. आणि एका पिशवीत दोन कप करण्याचा आपला काटकसरी स्वभाव इथे आवरावा, कारण दुसरा कप नुसताच रंगीत पाण्याचा होतो.

बिनदुधाचा पहिला कप साखर न घालता प्यावा अशी माझी शिफारस आहे. त्यात साखर नसते, तरी कडवटपणा नसल्यामुळे जिभेला किंचित गोडी जाणवते. वास उन्हात वाळलेल्या गवताचा आणि थोडा मधाचा, मागून लाकडाची कोरडी छटा, आणि चांगल्या प्रतीच्या मालात काकवीसारखी जाड गोडसर चव. चहाचा घोट घेतल्यावर जीभ आणि टाळू जसे आखडतात तसे इथे होत नाही. पट्टीच्या चहाबाजाला नेमके तेच खटकते, कारण त्याला ती तुरट किकच हवी असते. अशा माणसाने रॉयबॉसला चहाचा भाऊ समजू नये. गवती चहा किंवा जिऱ्याचे पाणी यांच्या पंगतीत बसवून चाखला तर तो पुष्कळ बरा वाटतो. मातकट, कुबट किंवा ओल्या पेंढ्यासारखा वास आला तर माल जुना आहे किंवा त्याला ओल लागली आहे असे समजावे.

दुधाचा करायचा असेल तर प्रमाण बदलावे लागते. दुधाखाली त्याची चव चटकन दबते, म्हणून एका कपाला दोन चमचे रॉयबॉस घ्यावा, पाऊण कप पाण्यात पाच-सहा मिनिटे उकळून पाणी थोडे आटू द्यावे आणि मगच पाव कप गरम दूध घालावे. निम्मे दूध घालून केलेला रॉयबॉस मला तरी बेचव खिरीसारखा लागतो. आले अगदी थोडे, नखाएवढे, किसून घालावे, कारण नेहमीच्या प्रमाणात घातलेले आले त्याला पूर्ण झाकून टाकते. वेलची आणि दालचिनी मात्र त्याच्याशी छान जुळतात. साखरेपेक्षा गुळाची चव त्याला अधिक साजते. गुळाच्या चहात दूध फाटण्याची भीती इथेही आहेच, तेव्हा भांडे आचेवरून उतरवल्यावर गूळ घालून ढवळावे आणि पुन्हा उकळी आणू नये.

थर्मासमध्ये भरून ठेवण्यासाठी याच्याइतके सोयीचे पेय क्वचितच सापडेल. चहा दोन तासांत कडू होतो. रॉयबॉस चोथ्यासकट राहिला तरी पिण्याजोगा राहतो. पश्चिम केपमधल्या शेतकरी घरांत दिवसभर चुलीच्या कडेला रॉयबॉसचे भांडे ठेवून लागेल तसा ओतून घेण्याची जुनी पद्धत आहे, ती याच गुणावर टिकलेली. उन्हाळ्यात दुप्पट कडक करून, गार करून, लिंबू पिळून आणि चिमूटभर मीठ घालून प्यायला तर कोकम सरबताची आठवण होत नाही, पण दुपार सुसह्य होते.

हे पेय मूळचे सेडरबर्ग परिसरातल्या खोय आणि सान या मूळ रहिवाशांच्या माहितीतले. १९०४ साली बेंजामिन गिन्सबर्ग या रशियातून आलेल्या स्थलांतरिताने ते बाजारात आणायला सुरुवात केली, पण बरीच वर्षे रानातली झुडपेच कापली जात होती. लागवडीतली अडचण बियांची होती. शेंग पिकली की तडकून बारीक बी दूर उडते, आणि जे हाती लागते ते कठीण कवचामुळे सहज रुजत नाही. क्लॅनविल्यमचे डॉक्टर नॉर्टिये यांनी १९३० च्या दशकात कवच खरवडून बी रुजवण्याचा मार्ग काढला. बी मिळवण्याची युक्ती मात्र एका खोय बाईने दाखवली, जी मुंग्यांनी वारुळात साठवलेले बी गोळा करून आणत असे, अशी हकीकत सांगितली जाते. या लोकांच्या ज्ञानाचा मोबदला म्हणून शेतावरच्या किमतीच्या दीड टक्का रक्कम सान आणि खोय समाजांना देण्याचा करार व्हायला २०१९ साल उजाडले. २०२१ साली युरोपीय संघाने ‘रॉयबॉस’ या नावाला भौगोलिक संरक्षण दिले, त्यामुळे तिथे आता त्या प्रदेशातल्या मालालाच हे नाव लावता येते.

आरोग्याविषयी लिहिताना मला सावध राहावेसे वाटते, कारण पाकिटांवर आणि फिरत्या संदेशांत या बिचाऱ्या झुडपावर नको तेवढा भार टाकलेला असतो. रॉयबॉसचे खात्रीचे फायदे त्यात काय आहे यापेक्षा त्यात काय नाही यातून येतात. त्यात कॅफीन नाही. रात्री जेवणानंतर चहा हवाच, पण तो घेतला की दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही, अशा माणसासाठी हा एकच गुण पुरेसा आहे. मात्र दिवसाला चार-पाच कप चहा घेणाऱ्याने सगळे कप एकदम बदलू नयेत. कॅफीन अचानक थांबले की दोन-तीन दिवस डोके दुखते. आधी रात्रीचा, मग संध्याकाळचा कप बदलावा आणि सकाळचा चहा खुशाल चालू ठेवावा.

दुसरी उणीव टॅनिनची, आणि ती लोह कमी असलेल्यांच्या कामाची आहे. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नातले लोह शोषू देत नाही. १९७९ साली दक्षिण आफ्रिकेत तरुण निरोगी पुरुषांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात पाण्याबरोबर घेतलेल्या लोहापैकी सुमारे ९.३ टक्के, रॉयबॉसबरोबर ७.३ टक्के आणि साध्या चहाबरोबर अवघे १.७ टक्के शोषले गेले. रॉयबॉस लोह देत नाही, एवढे लक्षात ठेवावे; तो फक्त आड येत नाही. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला जेवणानंतरचा चहा सोडवत नसेल तर त्या एका कपाच्या जागी रॉयबॉस घेणे शहाणपणाचे आहे, पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची जागा तो घेणार नाही.

याच्या पुढचे दावे पातळ आहेत. ॲस्पॅलॅथिन नावाचे एक ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य या झुडपाचे वैशिष्ट्य आहे आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने रक्तातली साखर उतरवल्याचे दिसले आहे. पण पाने लाल करण्याच्या प्रक्रियेत त्याचा बहुतांश भाग नष्ट होतो, आणि जे उरते तेही माणसाच्या आतड्यात फार थोडे शोषले जाते. तेव्हा मधुमेही माणसाने बिनसाखरेचा रॉयबॉस आनंदाने प्यावा, पण त्यातला फायदा ‘बिनसाखरेचा’ या शब्दात आहे हे ओळखावे. हृदयरोगाचा धोका असलेल्या चाळीस प्रौढांनी सहा आठवडे रोज सहा कप रॉयबॉस घेतल्यावर त्यांचे कोलेस्टेरॉलचे आकडे सुधारल्याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तो उत्साहवर्धक आहे, पण चाळीस माणसे आणि सहा आठवडे यांवर औषध बदलण्याइतका विश्वास कोणी ठेवू नये. ग्रीन टीपेक्षा कित्येक पट अधिक ऑक्सिडीकरणरोधक, भरपूर क जीवनसत्त्व, भरपूर कॅल्शियम ही विधाने सरळ सोडून द्यावीत. कपात उतरणारी खनिजे नगण्य असतात.

तान्ह्या बाळांना रॉयबॉस देण्याची चाल दक्षिण आफ्रिकेत आहे. १९६८ साली ॲनेकी थेरॉन या आईला आपले सतत रडणारे बाळ रॉयबॉस घातलेल्या दुधाने शांत झाल्याचे दिसले, तिने त्यावर पुस्तक लिहिले आणि या पेयाची कीर्ती पसरली. तरीही पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, हा सल्ला रॉयबॉसलाही लागू आहे. मोठ्या माणसांत दिवसाला तीन-चार कप सहसा त्रास देत नाहीत. फार प्रमाणात प्यायल्यानंतर यकृताच्या तपासणीतले आकडे वाढल्याची मोजकी उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत, आणि प्रयोगशाळेत या वनस्पतीचा इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणामही दिसला आहे. म्हणून यकृताचा विकार असलेल्यांनी, स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी आणि केमोथेरपी चालू असलेल्यांनी तो रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

पाकीट फोडल्यावर रॉयबॉस घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावा, कारण तो शेजारचा वास पटकन उचलतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात डब्यात ओला चमचा गेला की आठवड्याभरात कुबट वास धरतो. त्या दिवसांत महिन्याभरापुरताच माल बाहेर काढून बाकीचा बंद पाकिटात ठेवणे सोयीचे पडते.