पुण्याच्या कोरड्या हवेत पावलोवा

पावलोवा दिसायला केक असला, तरी त्याची जात वाळवणाची आहे. त्यात मैदा नाही, लोणी नाही, फुगवणारी पावडर नाही. अंड्यांचा पांढरा भाग आणि साखर एकत्र फेटून झालेला फेस मंद उष्णतेवर सावकाश वाळवायचा, एवढेच त्याचे मूळ काम आहे. कुरडया घालण्याआधी जसे आभाळ पाहतात, तसे हा केक करण्याआधी हवा पाहावी. डिसेंबर ते मार्च हा त्याचा पुण्यातला हंगाम होय, कारण त्याच दिवसांत महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई परिसरातील स्ट्रॉबेरी मंडईत मुबलक येते आणि हवाही कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र साखर हवेतील ओलावा ओढून घेते, आणि ओव्हन कितीही महागाचा असला तरी कुरकुरीत कवच काही तासांतच चिकट होते. पावसाळ्यात या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे नाव रशियन नर्तिका अॅना पावलोवा हिच्यावरून पडले. तिने १९२६ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा केला होता, आणि पदार्थ मूळचा कोणाचा यावरून हे दोन्ही देश आजही भांडतात. आपले नर्तक उदय शंकर यांनी १९२३ मध्ये लंडनला याच नर्तिकेबरोबर नृत्य केले होते, त्यामुळे हे नाव आपल्याला अगदीच परके नाही.

सहा ते आठ जणांसाठी चार अंड्यांचा पांढरा भाग, २२० ग्रॅम साखर, दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर, एक छोटा चमचा पांढरे व्हिनेगर आणि अर्धा छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स घ्यावा. आपल्याकडची अंडी साधारण ५० ग्रॅमची, म्हणजे परदेशी पाककृतींत गृहीत धरलेल्या अंड्यांपेक्षा लहान असतात. म्हणून अंडी मोजण्यापेक्षा पांढरा भाग वजन करून घ्यावा आणि त्याच्या पावणेदोन पट साखर घ्यावी. वाण्याकडची साखर जाड दाण्याची असते. ती मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवून बारीक रव्याइतकी करावी, पण तिची पिठीसाखर होऊ देऊ नये. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरे, बोटांत करकरणारे स्टार्च. पिवळे मक्याचे पीठ नव्हे. एका दुकानदाराने मला एकाच्या जागी दुसरे दिले होते आणि पुडी न उघडता घरी आणण्याची चूक माझी होती.

अंडी थंड असताना बलक चटकन वेगळा होतो, मात्र फेस धरण्यासाठी पांढरा भाग खोलीच्या तापमानाला आलेला बरा. म्हणून फ्रिजमधून काढल्या काढल्या अंडी फोडावीत आणि अर्धा तास झाकून ठेवावीत. प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडावे, म्हणजे एखादा बलक फुटला तरी सगळे वाया जात नाही. पिवळ्या बलकात स्निग्धांश असतो आणि त्याचा थेंबही फेसाला मारक ठरतो. याच कारणाने प्लॅस्टिकचे भांडे टाळावे, कारण त्याला तेलाचा अंश धरून राहतो. स्टीलचे खोल पातेले व्हिनेगर लावलेल्या कापडाने पुसून कोरडे करून घ्यावे.

हँड मिक्सरने आधी मध्यम गतीवर फेटायला सुरुवात करावी. फेटताना प्रथिनांच्या गुंडाळलेल्या साखळ्या उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे विणतात. मिक्सर उचलल्यावर फेसाला मऊ, वाकणारी टोके येऊ लागली की साखर एकेक मोठा चमचा घालावी आणि प्रत्येक चमच्यानंतर अर्धा मिनिट फेटावे. घाई होते ती इथेच. साखर पुरती विरघळली नाही, तर भाजताना तिचा पाक होऊन तो कवचावर मण्यांसारखा पाझरतो. माझ्या पहिल्या पावलोव्याला असा अक्षरशः घाम फुटला होता. थोडा फेस दोन बोटांत चोळून पाहावा. कण लागत असतील तर आणखी फेटावे. फेस गुळगुळीत, चकचकीत आणि पातेले उलटे केले तरी न हलणारा झाला, की कॉर्नफ्लोअर, व्हिनेगर आणि व्हॅनिला घालून हलक्या हाताने मिसळावे. आम्लामुळे फेस टिकतो, आणि स्टार्चच्या मदतीने आतला गाभा मऊ राहतो.

ओव्हन १५० अंशांवर तापवून घ्यावा. बटर पेपरवर ताटली ठेवून पेन्सिलीने सुमारे २० सेंटिमीटरचे वर्तुळ काढावे आणि कागद उलटा करून ट्रेवर ठेवावा. त्यावर फेस पसरून कडा उंच आणि मधला भाग खोलगट ठेवावा, कारण क्रीम तिथेच बसणार आहे. ट्रे आत जाताच तापमान १२० अंशांवर आणून ८० ते ९० मिनिटे ठेवावे. घरगुती ओटीजीमध्ये, म्हणजे वर-खाली तापणाऱ्या सळया असलेल्या छोट्या ओव्हनमध्ये, वरची सळई फेसाच्या फार जवळ येते, म्हणून ट्रे खालच्या खाचेत ठेवावा, आणि रंग बदामी होऊ लागला तर फक्त खालची सळई चालू ठेवावी. मध्येच दार उघडू नये. गुरुवार टाळलेला बरा. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा त्याच दिवशी जाते, आणि अनेक घरांत गुरुवारी अंडी चालतही नाहीत.

वेळ झाल्यावर ओव्हन बंद करून दाराच्या फटीत लाकडी उलथने अडकवावे आणि केक पूर्ण थंड होईपर्यंत, शक्यतो रात्रभर, आतच राहू द्यावा. एकदम थंड हवा लागली की तो खचतो. थोड्या भेगा पडल्या तर चिंता करू नये, त्यांवर क्रीमच येणार आहे. न सजवलेला पावलोवा घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजबाहेर, हिवाळ्यात दोन दिवस चांगला राहतो.

क्रीमबाबत फसगत ठरलेली. खोक्यातल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो आणि ते कितीही फेटले तरी उभे राहत नाही. किमान ३५ टक्क्यांचे दुधाचे व्हिपिंग क्रीम आणावे. बेकरीत वापरतात ते वनस्पती तेलाचे क्रीम आधीच गोड असते, आणि इथे खाली साखरच साखर आहे. माझी पद्धत अशी की २०० मिलिलिटर थंडगार क्रीम फेटून त्यात डेअरीतून आणलेला १०० ग्रॅम ताजा, आंबटसर चक्का मिसळायचा आणि साखर मुळीच घालायची नाही. चक्क्याच्या आंबटपणाने गोडाचा अतिरेक आवरतो.

पाव किलो स्ट्रॉबेरी देठासकट धुवावी, म्हणजे आत पाणी शिरत नाही. कापडावर पूर्ण कोरडी झाल्यावरच देठ काढून ती चिरावी. महाबळेश्वरची तुती किंवा रासबेरी मिळाली तर अवश्य मिसळावी. थोडी स्ट्रॉबेरी चमचाभर साखर आणि लिंबाच्या रसात आटवून तिचा दाट रस वरून सोडता येतो.

क्रीम आणि फळे पाने मांडल्यानंतरच घालावीत, कारण अर्ध्या तासात कवच ओलावा शोषू लागते. दातेरी सुरीने करवतीसारखे कापावे. तुकडे पडतील, चुरा होईल. उरलेले सगळे पेल्यांत क्रीमसह कालवून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवावे. चार पिवळे बलक त्याच दिवशी कस्टर्डला वापरावेत.