व्होलरचा युरिया प्रयोगशाळेत कसा करावा

१८२८ साली बर्लिनमध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिड्रिख व्होलरने सिल्व्हर सायनेटवर नवसागराचे द्रावण घातले. त्याला अमोनियम सायनेट हवे होते, मिळाला युरिया. चांदीचे क्षार महाग, म्हणून आपण पोटॅशियम सायनेट वापरू. बाटलीवरचे नाव दोनदा वाचा: सायनेट हवे, सायनाइड नव्हे. सायनाइड जीवघेणे विष आहे.

८.१ ग्रॅम पोटॅशियम सायनेट आणि ६.६ ग्रॅम अमोनियम सल्फेट ४० मिली पाण्यात विरघळवा. द्रावण लगेच पोर्सेलीनच्या बशीत ओतून वॉटर बाथवर (गरम पाण्याच्या भांड्यावर), हवा खेळती ठेवून, कोरडे होईपर्यंत आटवा. थेट ज्योतीवर बशी ठेवू नका. युरिया १३३ अंशांना वितळतो आणि तापमान आणखी चढले की अमोनिया सोडून त्याचे बाययुरेट हे दुसरे संयुग होऊ लागते.

आटवायचे कशाला? १८९५ मध्ये वॉकर आणि हॅम्ब्ली या रसायनशास्त्रज्ञांनी अमोनियम सायनेटचा युरिया किती वेगाने होतो ते मोजले. उरलेले सायनेट किती ते सिल्व्हर नायट्रेटने त्याचा साका पाडून ठरवत. अमोनियम आणि सायनेट हे दोन आयन एकत्र येऊन युरिया होतो, त्यामुळे द्रावण दाट झाले की वेग वाढतो. पातळ द्रावण तसेच ठेवले तर सायनेटचे पाण्याशी विघटन होऊन कार्बोनेट बनते आणि तेवढा युरिया हातचा जातो. ओल लागलेल्या जुन्या सायनेटचीही हीच गत. कार्बोनेट झाले आहे का हे पाहायला चिमूटभर घेऊन त्यावर आम्ल टाकण्यात अर्थ नाही, कारण चांगले सायनेटही आम्लात फसफसते. नवी, घट्ट बंद बाटलीच घ्या.

कोरडा झालेला थर खरवडून बारीक वाटा. त्यावर २० मिली गरम निर्जल इथेनॉल घालून ढवळा, गरम असतानाच गाळा, मग हेच पुन्हा एकदा करा. इथेनॉल वॉटर बाथवरच तापवा, जवळ ज्योत नको. युरिया इथेनॉलमध्ये उतरतो, पोटॅशियम सल्फेट गाळणीवर राहते. थर ओलसर राहिला असेल तर पाण्याबरोबर सल्फेटही खाली येते, आणि बहुतेकांचा प्रयोग इथेच बिघडतो. गाळलेले द्रावण निम्मे आटवून बर्फात ठेवा. लांबट, सुईसारखे स्फटिक येतील. हिशेबाने जास्तीत जास्त ६ ग्रॅम मिळू शकतात, प्रत्यक्षात कमीच.

थोडे स्फटिक पाण्यात विरघळवून बेरियम क्लोराइड टाका. पांढरा साका आला तर सल्फेट शिल्लक आहे, पुन्हा इथेनॉलमधून स्फटिक काढा. नंतर चिमूटभर युरिया कोरड्या परीक्षानळीत वितळवून अमोनियाचा वास येईपर्यंत हलकेच तापवा. थंड झाल्यावर पाणी, सौम्य कॉस्टिक सोडा आणि अगदी सौम्य मोरचुदाचा एकच थेंब घाला: तापवताना झालेल्या बाययुरेटमुळे जांभळा रंग दिसेल. मोरचूद जास्त पडला तर त्याच्या निळ्या साक्यात जांभळा झाकला जातो.