उद्यानात सुट्टीचं काम करणारी मुलं: या चुका टाळा

मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा संपतात आणि पुढच्या प्रवेशापर्यंत मुलांना चांगले दोन महिने मोकळे मिळतात. शहरातल्या उद्यानांना माणसांची सर्वांत जास्त गरज नेमकी याच दोन महिन्यांत असते. म्हणून गृहसंस्था, स्थानिक मंडळं आणि देखभालीचे ठेकेदार सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सुट्टीपुरतं कामावर घेतात. हे फार चांगलं आहे, आणि ते नीट चालावं असं मनापासून वाटतं. पण दोन आठवड्यांत मुलं गळायला लागतात, रोपं सुकतात, आणि खापर मुलांच्या आळसावर फुटतं. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं: काम मापात सांगितलेलं नसतं. ‘झाडांना पाणी घाल’ एवढ्यावर पंधरा वर्षांच्या मुलाला काहीच कळत नाही. ‘या बारा झाडांना प्रत्येकी दोन झाऱ्या, आळ्याच्या कडेने, सावकाश’ असं सांगितलं की काम होतं आणि तपासताही येतं.

पहाटे सहाची हजेरी

उन्हाळा आहे, तर सहालाच बोलावू, असं सगळ्यांना वाटतं. १४ ते १८ वयोगटाला पगारी कामावर घेताना हे चालत नाही. बाल व किशोरवयीन कामगार अधिनियमानुसार संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत त्यांना काम देता येत नाही. सलग काम जास्तीत जास्त तीन तास, त्यानंतर किमान एक तास विश्रांती, आणि विश्रांती धरून सगळा वेळ सहा तासांच्या आत. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. चौदाच्या आतल्या मुलाला तर घ्यायचंच नाही, मग तो कितीही उंचापुरा दिसो. जन्मतारखेचा पुरावा पहिल्याच दिवशी पाहा.

याचा व्यवहारातला अर्थ असा की एकाच मुलाला सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन पाळ्या लावता येत नाहीत, कारण त्या सहा तासांत बसत नाहीत. सकाळी ८ ते ११ एक गट आणि दुपारी ४ ते साडेसहा दुसरा गट, ही मांडणी मे महिन्यात सर्वांत नीट चालते. पहाटेचं पाणी माळ्याकडेच राहू द्या.

आणि तीन तास म्हणजे तीन तास उन्हात नव्हे. दर वीस मिनिटांनी अर्धा पेला पाणी, तहान लागो न लागो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेली बाटली सावलीत तयार असावी (चमचा चहाचा). ताक किंवा कोकम सरबतही चालतं. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं ही सुरुवात समजा आणि तिथेच काम थांबवा. मूल असंबद्ध बोलायला लागलं किंवा अंग चटका बसावा इतकं तापलं, तर तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा, सावलीत आडवं करा, कपडे भिजवून वारा घाला, मान, काख आणि जांघेत गार पाण्याच्या घड्या ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

रोज थोडं थोडं पाणी

सर्वांत जास्त झाडं या एका चुकीने जातात. रोज एक-दोन लिटर पाणी घातलं की वरचा दोन-तीन बोटांचा थर भिजतो आणि दुपारपर्यंत वाळून जातो. मुळं ओलाव्यामागे जातात, म्हणून तीही वरच राहतात आणि पहिल्या कडक आठवड्यात भाजून निघतात. दीड-दोन वर्षांच्या झाडाला तीन दिवसांआड १५ ते २० लिटर पाणी, एकाच वेळी पण सावकाश, हे माप धरा. मुरमाड जमिनीत दोन दिवसांआड.

पाइपने घालत असाल तर पहिल्या दिवशी १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ४० सेकंद लागले, तर मिनिटाला १५ लिटर पडतात. प्रत्येक झाडाला सव्वा मिनिट, एवढं सांगितलं की मुलांना पुन्हा विचारावं लागत नाही. उन्हात पडलेल्या पाइपमधलं सुरुवातीचं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं. ते बाजूला वाहू द्या, गार लागलं की आळ्यात सोडा.

आळं बुंध्याला चिकटून नको. साधारण दोन फूट व्यासाचं, मधे थोडी उंच माती आणि कडेने पाणी, म्हणजे बुंधा कोरडा राहतो आणि कुजत नाही. त्यावर तीन बोटं जाडीचं वाळल्या पानांचं आच्छादन, बुंध्यापासून वीतभर सोडून. काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर आधी वरची माती खुरप्याने हलवून भेगा बुजवा, नाहीतर सगळं पाणी थेट खाली निघून जातं.

झाड मान टाकताना दिसलं की मुलं धावत जाऊन पाणी ओततात. आधी खुरपं चार बोटं खोल खुपसून पाहायला शिकवा. माती ओली आहे आणि पानं पिवळी पडताहेत, तर पाणी जास्त झालंय. दुपारी मान टाकलेलं झाड सकाळी ताठ दिसत असेल तर ते ठीक आहे. सकाळीही मलूल असेल आणि माती कोरडी असेल, तरच पाणी कमी पडलंय.

अनेक उद्यानांत झाडांना प्रक्रिया केलेलं सांडपाणी येतं. त्या नळावर ठळक अक्षरांत ‘पिण्यासाठी नाही’ लिहा आणि पिण्याच्या पाण्याचा पिंप त्यापासून लांब ठेवा. काम संपल्यावर साबणाने हात धुणं यात सूट नाही.

५ जूनला रोपं लावणं

पर्यावरण दिनाला फोटो छान येतात, पण कोकण आणि मुंबई-पुण्याकडे पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो, आणि पुढे लांबतोही. तापलेल्या जमिनीत लावलेलं रोप तेवढे दिवस तग धरत नाही. मुलांकडून मे महिन्यात खड्डे करून घ्या, लावणी दोन-तीन चांगल्या सरींनंतर.

खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. जागा आदल्या दिवशी भिजवून ठेवा, म्हणजे पहार सहज चालते. वरची एक फूट माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला; ढीग एकत्र झाले की चांगली माती वाया गेली. दोन मुलांना एका सकाळी एक खड्डा पुरे, मुरूम कडक असेल तर दीड दिवस. दहा खड्ड्यांचं लक्ष्य दिलंत तर दहा उथळ खड्डे मिळतील. उघड्या खड्ड्याभोवती दोरी आणि लाल चिंधी बांधा, संध्याकाळी तिथे लहान मुलं खेळत असतात.

लावताना पिशवी कापून पूर्ण काढायची. काळं प्लॅस्टिक तसंच राहिलं की मुळं आतल्या आत गोल फिरतात आणि चार वर्षांनी झाड वाऱ्याने आडवं होतं.

न पाहता कुंपण छाटणं

एप्रिल ते जून हा बुलबुल आणि शिंपी पक्ष्यांच्या विणीचा काळ. बुलबुलाचं वाटीसारखं घरटं मेंदीच्या किंवा दुरंताच्या कुंपणात कमरेच्या उंचीवरही असतं. शिंप्याचं तर दिसतच नाही: एक-दोन पानं कडेने टाके घालून शिवलेली, आत कापूस. छाटणीआधी एका मुलाला कुंपणाच्या कडेने चालत फांद्या हलकेच बाजूला करून पाहायला सांगा. घरटं सापडलं की त्याच्या दोन्ही बाजूंचा दोन-दोन मीटर पट्टा चार आठवडे सोडून द्या. मुलं हे काम जीव लावून करतात, आणि त्यानंतर त्यांना बाग वेगळी दिसू लागते.

मोठ्या झाडाच्या फांदीला मात्र हात लावायचा नाही. त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि झाडावर चढणं हे या वयाचं काम नाही.

पाला जाळणं

पाला उघड्यावर जाळायला मनाई आहे, आणि त्याच पाल्याचं खत केलं तर सोनं होतं. सावलीत तीन फूट लांब-रुंद जागा घ्या. वाळला पाला वीतभर, ओला पाला किंवा गवत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, वर शेणकाला किंवा जुन्या खताची फक्की, असे थर तीन फुटांपर्यंत. ओलावा इतकाच की मूठ दाबली तर एखादा थेंब निघावा. चौथ्या दिवशी आत खुपसलेली सळई गरम लागली पाहिजे. थंड लागली तर ढीग कोरडा आहे. वास मारत असेल तर ओलं जास्त झालंय. वाळली पानं मिसळून उलथवा. कापलेल्या गवताचा जाड थर हमखास चिकट होतो, तो पातळ पसरा. पंधरा दिवसांनी एकदा पालट.

ढीग उचलताना हात घालू नका. दाताळ्याने आपल्याकडे ओढा आणि मग घमेल्यात भरा. वाळल्या पाल्याखाली घोणस बसलेली असू शकते. गाजरगवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत उपटायचं. बी धरलेलं गवत खतात टाकायचं नाही.

मोठ्यांची कामं मुलांना देणं

गवत कापायचं यंत्र, कीटकनाशकाचा पंप, फुटलेल्या काचा आणि सुया, विजेचे दिवे: ही कामं अठराच्या आत कोणालाही नको, मूल कितीही हौशी असो. झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्या भागात कामच लावू नका, आणि जवळपास धूर करू नका.

पैशांचं आधीच लिहून द्या: दर, दिवस, तारीख. ठरलेल्या तारखेला पगार झाला नाही तर पुढच्या वर्षी तीच मुलं येत नाहीत. प्रत्येकाला उद्यानाचा एक ठरावीक भाग पूर्ण सुट्टीभर द्या आणि त्या भागाची वही ठेवायला सांगा: कोणत्या झाडाला कधी आणि किती पाणी, काय दिसलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलं प्रवेशाच्या धावपळीला लागतात आणि पाऊस बऱ्याचदा अजून आलेला नसतो. त्या मधल्या दिवसांत पाणी कोण घालणार, हे मे संपण्याआधी माळ्याशी बोलून ठरवा आणि वही त्याच्या हातात द्या.