पासिंगला परत नेण्याआधी

आप्पांची गाडी २००९ ची, पेट्रोलची, केए-२३ म्हणजे कर्नाटकातल्या चिकोडीच्या पासिंगची. पंधरा वर्षं भरली म्हणून नोंदणी वाढवून घ्यायला नेली, तर इन्स्पेक्टरसाहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दोनदा हातब्रेक ओढून बघितला आणि म्हणाले, "रिपेरी माडिस्कोंड बर्री," म्हणजे दुरुस्त करून घेऊन या. हातब्रेक धरत नाही, डावा हेडलाइट आभाळाकडे बघतो, स्टिअरिंगमध्ये खेळ आहे आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कुजलाय, अशी चार कारणं. या चार कामांना आम्हाला तीन आठवडे लागले. त्यातला एक आठवडा निव्वळ क्रम चुकल्यामुळे गेला. आधी रंग मारला, मग वेल्डिंग करावं लागलं, म्हणून पुन्हा रंग. निपाणी-चिकोडीपासून खानापुरापर्यंत घरोघरी अशा पंधरा वर्षं ओलांडलेल्या गाड्या उभ्या आहेत, आणि त्या मोडीत काढण्याइतक्या वाईट नाहीत. तेव्हा आम्ही जे उलटं केलं ते सुलटं करून सांगतो.

पहिली तयारी आरटीओच्या मैदानातच करायची. नापास झाली म्हणून तोंड पाडून लगेच गाडी काढू नका. शेरा कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत असतो आणि "ब्रेक" एवढंच लिहिलेलं असतं. कुठल्या चाकाचा, पायाचा की हाताचा, हे तिथंच उभं राहून विचारा आणि मराठीत वहीत उतरवून घ्या. कन्नड कच्चं असेल तर चांगलं बोलणारा एक जण बरोबर न्या. आमच्याकडे कन्नड शाळेत शिकलेला चुलतभाऊ होता म्हणून "खेळ डाव्या चाकाचा आहे" हे कळलं, नाहीतर मेस्त्रींनी दोन्हीकडचं उघडलं असतं. जमल्यास दोष दिसतो त्या जागेचा मोबाइलवर फोटो काढा.

घरी आल्यावर कागद. खासगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं आणि मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. ही साठ दिवसांची सवलत आम्ही वाया घालवली, तुम्ही घालवू नका. नापास झालात तरी दुरुस्तीला हाताशी वेळ राहतो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या चारचाकीला केंद्राची फी ५,००० रुपये झाली. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला ती १०,००० आहे. मुदत उलटली तर चारचाकीला महिन्याला ५०० रुपये वेगळे. राज्याचा हरित कर त्यावर. मिळाली तर पाच वर्षं मिळतात, एवढा हिशेब आधी घरात मांडा आणि मगच गाडीला पैसे लावायचे की नाही ते ठरवा. मूळ आरसी, चालू विमा, कर भरल्याचा पुरावा, पॅन या गोष्टी एका पिशवीत. नोंदणी संपलेली असेल तर गाडी गॅरेज आणि तपासणी एवढ्यापुरतीच हलवा. अशा गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावा तिथंच अडकू शकतो.

सीमेवरच्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. आपल्यातल्या पुष्कळांनी कोल्हापुरातून जुनी गाडी घेतलेली असते आणि ती वर्षानुवर्षं एमएच-०९ वरच फिरते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर गाडी ठेवली तर कायद्याने तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते. पंधरा वर्षं भरत आली असतील तर हा गुंता आधी सोडवा, स्पॅनर नंतर हातात घ्या.

आता गाडी. सगळ्यात आधी खालून धुणं. वरून शाम्पूने नव्हे, रॅम्पवर चढवून प्रेशरच्या पाण्याने खालून. खानापूर-जांबोटीकडची लाल माती असो नाहीतर आमच्याकडची काळी, ती मडगार्डच्या आत आणि सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पट्टीच्या, कोपऱ्यात बसते, ओल धरून ठेवते आणि तिथंच पत्रा कुजतो. धुतल्याशिवाय मेस्त्रीला तेलाची गळती कुठून आहे हेही सांगता येत नाही. धुऊन एक दिवस उन्हात वाळवा. त्याच वेळी चॅसिस नंबर शोधा. पेन्सिल घासून त्याचा ठसा कागदावर घ्यावा लागतो आणि जुन्या गाडीत तो नंबर ग्रीस आणि गंजाखाली गेलेला असतो. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन हळूहळू मोकळा करा. तिथं पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर मुळीच लावू नका. एखादा आकडा झिजला तर गाडीची ओळखच संशयात येते.

मग पत्रा, आणि तोही ब्रेकच्या आधी, कारण वेल्डिंगच्या ठिणग्या नव्या ब्रेक होजवर (ब्रेकच्या रबरी नळीवर) पडलेल्या चालत नाहीत. आतलं कारपेट पूर्ण उचला. आमच्या गाडीत दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये भोकावर पुट्टी भरून वरून डांबर मारून दिलं होतं. दिसायला एकदम गुळगुळीत. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबलं तर भुसकन आत गेला. हीच परीक्षा तुम्हीही करा: जॅक लावायच्या जागा, सिल, सीटबेल्ट जिथं पत्र्याला बोल्टने बसतो तो भाग, मागच्या सस्पेन्शनची बैठक. चांगला पत्रा ठक असा वाजतो. सीटबेल्टच्या मुळाशी गंज असेल तर तो भाग सगळ्यात आधी हातात घ्या. माणूस त्या बोल्टवर लटकलेला असतो.

वेल्डरला आधीच सांगा की वर तुकडा चिकटवायचा नाही. कुजलेलं चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचं, मूळ जाडीचाच सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा बसवायचा आणि थोडं इथं थोडं तिथं असे टाके घालायचे. एकसलग ओढलं तर पत्रा तापून वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली असावी. पेट्रोलची नळी फरशीखालून जाते आणि वायरिंग सिलला लागून, तेव्हा दोन्ही बाजूला केल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. बादलीभर वाळू आणि अग्निशामक हाताशी ठेवा. नंतर जोडावर सीलर, मग रेड ऑक्साइड, मग अंडरकोट. दारांच्या आणि सिलच्या तळाला पाणी निथळायची बारीक भोकं असतात, ती अंडरकोटने बुजवू देऊ नका. पावसाळ्यात त्यांच्यामुळेच पत्रा टिकतो.

ब्रेकवर मला जास्त बोलायचं आहे, कारण आई याच गाडीतून दर महिन्याला बेळगावला दवाखान्यात जाते आणि वाटेत तवंदी घाट आहे. हातब्रेक धरत नाही म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी काय करतात? लिव्हरखालचा नट आवळून केबल ताणतात. दोन दिवस बरं वाटतं. खरं दुखणं मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रममध्ये असतं. लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) झिजलेले, त्यांचं ड्रमपासूनचं अंतर ठेवणारा ॲडजस्टर गंजून अडकलेला, नाहीतर त्यांना ढकलणारा व्हील सिलिंडर झिरपून लायनर तेलकट झालेले. केबल आधी ताणली की ॲडजस्टरला हलायला जागाच राहत नाही आणि चाक घासत चालतं. म्हणून क्रम असा: केबल पूर्ण सैल करा, दोन्ही ड्रम काढा, आत ओलं आहे का बघा. ओलं असेल तर सिलिंडर बदला आणि तेल लागलेले लायनरही बदला. पेट्रोलने धुऊन ते परत नीट होत नाहीत. बदलाल ते दोन्ही बाजूंचं एकदम, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एकीकडे ओढते. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरची ती धूळ फुप्फुसात जाते. ॲडजस्टर साफ करून चाक जेमतेम मोकळं फिरेल इतपत लायनर ड्रमजवळ आणा, पायाचा ब्रेक दहा-बारा वेळा दाबा, आणि सगळ्यात शेवटी केबल. किती क्लिकला हातब्रेक धरावा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. आमचा अकरावर जायचा, आता सहावर धरतो.

ब्रेक ऑइल कधी बदललंय ते आठवत नसेल तर बदलाच. ते हवेतली ओल शोषून घेतं. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या उतारावर ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते आणि पेडल खाली जातं. टाकीच्या झाकणावर डॉट-३ की डॉट-४ ते लिहिलेलं असतं, तेच घाला. इंजिन ऑइलचा एक थेंब जरी त्यात गेला तरी आतले रबर फुगतात. ब्रेकच्या नळ्यांतली हवा (एअर) काढून झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरा. हळूहळू खाली सरकलं तर काम अपुरं आहे. हातब्रेकची चाचणी हमरस्त्यावर नको, गॅरेजजवळच्या एखाद्या रिकाम्या चढावर, मागच्या चाकांना हात-दोन हात अंतरावर दगड ठेवून.

स्टिअरिंगचा खेळ शोधायला दोन माणसं लागतात. पुढचं चाक जॅकवर आणि खाली स्टँड. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवलं आणि खुळखुळ जाणवली तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) किंवा रॅक. वर-खाली धरून हलवल्यावर जाणवली तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. एक जण हलवतो तेव्हा दुसऱ्याने त्या सांध्यावर बोट ठेवायचं, कुठला खेळतोय ते बोटाला कळतं. आमचा डावीकडचा टाय रॉड एंड निघाला. रबर फाटून आत माती गेली होती. सांधा बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं.

जुन्या मॉडेलचे पार्ट निपाणीत मिळाले नाहीत तर कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ पडतं. बेळगावकडच्यांना उद्यमबाग आहे, तिथं लेथवर बुश करून देणारे हात अजून आहेत. भंगारातला आरसा, दाराचं हँडल, हेडलाइटची काच खुशाल घ्या. ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा एकही पार्ट भंगारातला नको, कितीही चांगला दिसला तरी. आणि जुना काढलेला पार्ट मागून घ्या. काय बदललं ते त्यावरून कळतं.

लाइटचं काम स्वस्त आहे आणि घरीही होतं. काच पिवळी पडली असेल तर पाणी लावून हजार आणि मग दोन हजार नंबरचा पेपर, शेवटी कंपाउंड. आतला आरसा काळवंडला असेल तर घासून उपयोग नाही, युनिट बदला. नंतरून बसवलेले पांढरे भगभगीत बल्ब काढून कंपनीच्या वॉटचे घाला. फोकससाठी टायरमध्ये बरोबर हवा आणि ड्रायव्हरच्या जागी एक माणूस हवा. सपाट जागेवर भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी लावा, हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा, डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेच्या दोन-तीन इंच खाली यायला हवी. इंडिकेटर भराभर मारत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल तर अर्थिंग गंजलंय, तारेचं टोक खरवडून घट्ट करा. नंबर प्लेटवरचा दिवा हमखास विसरला जातो.

पीयूसी म्हणजे धुराची तपासणी सगळ्यात शेवटी, सायलेन्सरची गळती बंद करून. फुटक्या सायलेन्सरमधून बाहेरची हवा आत जाते आणि आकडा खोटा येतो. भारत स्टेज-२ आणि ३ (धुराच्या नियमांचे जुने टप्पे) च्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. एअर फिल्टर, प्लग बदला आणि इंजिन चांगलं तापल्यावर तपासणी करा. थंड इंजिन नेलं की आकडा वर जातो. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय. अशा वेळी पीयूसीच्या आधी मेस्त्रीशी बोला.

टायरला १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी चालत नाही. खाचेतली छोटी उंचवटी नक्षीच्या बरोबरीला आली की टायर संपला. काळी फिल्म, म्युझिकल हॉर्न, पुढचा लोखंडी गार्ड काढा. गाडीचा रंग बदललेला असेल किंवा गॅसकिट बसवलेलं असेल तर आरसीवर नोंद आहे का पाहा. सीएनजी सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी लागते. मागच्या सीटचे बेल्ट सीटखाली दडपलेले असतात, ते वर काढून धुवा. नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट बंपरचं डेंटिंग-पेंटिंग झाल्यावरच लावा. तिचे स्नॅप लॉक एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाहीत.

दुसऱ्यांदा नेण्याच्या आदल्या संध्याकाळी एकाने आत बसून एकेक बटण दाबायचं आणि दुसऱ्याने बाहेरून ओरडून सांगायचं, असं आम्ही अंगणात केलं. आप्पा मागे उभे होते. रिव्हर्सचा दिवा लागला नाही. फ्यूज गेला होता. सकाळी हवा भरली, वायपरचं पाणी भरलं, दोन जादा बल्ब, फ्यूज, स्क्रू ड्रायव्हर आणि ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. साहेबांनी हातब्रेक ओढायला सांगितला, पहिला गिअर टाकून क्लच सोडायला लावला. हातब्रेकने धरलं, गाडी जागची हलली नाही, इंजिन बंद पडलं.