नाव विद्यापीठाचं, वर्ग कॉलेजचा: कॉलेजांची तुलना करताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक वही निघते. डावीकडे कॉलेजांची नावं, पुढे रकाने: नॅकची (उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) श्रेणी, एनआयआरएफचा (केंद्र सरकारची क्रमवारी) क्रमांक, कटऑफ, प्लेसमेंट, फी. वही भरते, पण निर्णय होत नाही. त्यातले आकडे बहुतेक वेळा खरेच असतात. घोळ होतो तो एका रकान्यात विद्यापीठाचा, दुसऱ्यात कॉलेजचा आणि तिसऱ्यात एखाद्याच शाखेचा आकडा बसल्यामुळे. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी आधी एक अक्षर लिहा: वि, कॉ किंवा शा. विद्यापीठाचा, कॉलेजचा की शाखेचा. पुढच्या बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात.

विद्यापीठाचं मोठेपण कॉलेजच्या खात्यात जमा करणं

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. कलिना संकुलात संस्कृत, पाली, जर्मन, रशियन असे विभाग आहेत. पण या विद्यापीठाला शेकडो कॉलेजं संलग्न आहेत आणि तिथे बीए करणाऱ्या मुलाच्या वाट्याला येतात ते त्याच्या कॉलेजात शिकवले जाणारे विषय. कलिन्यातले विभाग मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनासाठी आहेत. पदवीवर विद्यापीठाचं नाव येतं, तिथले प्राध्यापक वर्गावर येत नाहीत.

त्यामुळे पहिल्यांदा संस्थेचा प्रकार पक्का करा. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम आणि पदवी दोन्ही विद्यापीठाची. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी मात्र मूळ विद्यापीठच देतं; मुंबईचं सेंट झेवियर्स २०१० पासून असं चालतं. अभिमत विद्यापीठ स्वतः पदवी देतं. माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली आणि २००८ मध्ये अभिमत झाली. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, ते २०२२ मध्ये राज्य सरकारचं स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही जुनी नावं आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत. ते २०१९ मध्ये क्लस्टर विद्यापीठ, म्हणजे काही कॉलेजं एकत्र करून केलेलं विद्यापीठ, म्हणून उभं राहिलं.

याचा थेट परिणाम माहिती शोधताना होतो. जुना कटऑफ किंवा जुना अहवाल सापडत नसेल, तर संस्थेच्या आधीच्या नावाने शोधा. आणि नाव ओळखीचं नसेल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) संकेतस्थळावरच्या विद्यापीठांच्या यादीत ते आहे का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार ठरावीक संस्थांनाच आहे. बोगस विद्यापीठांची यादीही तिथेच प्रसिद्ध होते.

नॅकची श्रेणी बघून पान उलटणं

नॅकची श्रेणी चारपैकी मिळालेल्या गुणांवर ठरते. ३.५१ आणि त्यावर ए++, ३.२६ ते ३.५० ला ए+, ३.०१ ते ३.२५ ला ए, २.७६ ते ३.०० ला बी++. म्हणजे ३.२५ चं कॉलेज ए आणि ३.२६ चं ए+. शतांशाच्या फरकाने माहितीपत्रकावरचं अक्षर बदलतं. वहीत श्रेणी लिहू नका, गुण लिहा. सोबत मूल्यांकनाचं वर्ष आणि फेरी लिहा, कारण मानांकन साधारण पाच वर्षांपुरतं असतं आणि मुदत संपलेली श्रेणी फाटकावर तशीच झळकत राहते.

दुसरं, श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते. ए+ कॉलेजात भौतिकशास्त्राला सहा कायमचे शिक्षक आणि मानसशास्त्र पूर्णपणे तासिका तत्त्वावर, असं चित्र सहज असू शकतं.

यावर एक चांगला उपाय आहे. नॅकच्या समितीने भेटीनंतर लिहिलेला अहवाल मिळवा. तो कॉलेजच्या संकेतस्थळावर नॅक किंवा आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) या पानावर ठेवलेला असतो. त्यात बलस्थानं, उणिवा, संधी आणि आव्हानं असा भाग असतो. बलस्थानं सगळीकडे सारखीच वाटतात, ती सोडा. उणिवांच्या चार ओळी सावकाश वाचा. रिक्त पदं, संशोधनाचा अभाव, अपुरं ग्रंथालय असं काही असेल तर ते तिथे नेमक्या शब्दांत सापडतं. संस्थेबद्दल इतकं स्पष्ट आणि तेही फुकट दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळतं.

अभियांत्रिकीला एनबीएची (तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यता वेगळी पाहावी लागते. एनबीए कॉलेजला मान्यता देत नाही, एकेका अभ्यासक्रमाला देतं. यंत्र अभियांत्रिकीला एनबीए आहे म्हणून त्याच इमारतीतल्या संगणक शाखेला ती आहे, असं होत नाही. पुढे परदेशात नोंदणीकृत अभियंता म्हणून काम करायचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा (एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देण्याचा आंतरराष्ट्रीय करार) पूर्ण सदस्य आहे, पण त्याचा लाभ एनबीएच्या टियर-१ मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो. टियर-१ म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठं यांच्यासाठीची मान्यता.

एनआयआरएफचा क्रमांक, पण कुठल्या यादीतला?

पहिली एनआयआरएफ क्रमवारी २०१६ मध्ये आली. आता एकूण, विद्यापीठ, महाविद्यालय, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधी अशा बऱ्याच याद्या निघतात. ‘महाविद्यालय’ यादीतला ५० वा आणि ‘विद्यापीठ’ यादीतला ५० वा यांची तुलना होऊच शकत नाही. एखादं चांगलं कॉलेज यादीत अजिबात नसेल, तर घाबरायचं कारण नाही. भाग घेणं ऐच्छिक आहे, आणि शंभराच्या पुढच्या संस्था नेमक्या क्रमांकाशिवाय गटागटाने दिल्या जातात.

अभियांत्रिकीच्या यादीत १०० पैकी ३० गुण अध्यापन आणि साधनसामग्रीला, ३० संशोधनाला, २० निकाल आणि पुढच्या वाटचालीला, १० सर्वसमावेशकतेला आणि १० लोकमताला असतात. म्हणजे बीटेक करणाऱ्या मुलाशी फारसा संबंध नसलेले शोधनिबंधच क्रमांक वरखाली करू शकतात. संशोधनाची गोडी असलेल्याला ते हवेच असतात. ज्याला चार वर्षांत हात तयार करून नोकरीला लागायचंय, त्याने अध्यापन आणि निकाल या दोन रकान्यांचेच गुण पाहावेत.

खरा ऐवज क्रमांकाखालच्या पीडीएफमध्ये आहे. संस्थेने स्वतः भरून दिलेली माहिती तिथे असते: मंजूर जागा, प्रवेश, वेळेत उत्तीर्ण, नोकरी लागलेले, मध्यक पगार (सगळे पगार क्रमाने लावले की बरोबर मधला येणारा), उच्च शिक्षणाला गेलेले आणि शिक्षकांची यादी. हाच तक्ता घेऊन माहितीपत्रकावरच्या प्लेसमेंटच्या टक्क्यांची पडताळणी करा. समजा, प्रवेश ११२, वेळेत उत्तीर्ण ८८, नोकरी ६० आणि उच्च शिक्षणाला १२. कॉलेज म्हणेल ९२ टक्के प्लेसमेंट, कारण प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेले ६५ होते. वेळेत उत्तीर्ण झालेल्यांत ते प्रमाण ६८ टक्के पडतं, आणि प्रवेश घेतलेल्यांत जेमतेम ५४. तिन्ही आकडे खरे आहेत. तुलना करताना सगळ्या कॉलेजांना एकच भाजक लावा. प्रवेश घेतलेल्यांचा लावला तर वर्ष वाया गेलेली मुलंही हिशेबात येतात.

पगाराचंही तसंच. नऊ मुलांना ४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले तर सरासरी ८ लाख येते, मध्यक ४ लाख. माहितीपत्रकात सरासरी असते, एनआयआरएफच्या तक्त्यात मध्यक. दोन आकडे जुळत नाहीत, ते बरेचदा एवढ्यावरूनच.

शिक्षकांची यादीही मोजून पाहा. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) निकषाप्रमाणे २० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक. ६० जागांची शाखा चार वर्षांत २४० मुलं होते, म्हणजे तिला १२ शिक्षक हवेत. प्राध्यापक, सहयोगी आणि सहायक यांचं प्रमाण १:२:६ अपेक्षित आहे. यादीतली जवळजवळ सगळी नावं सहायक प्राध्यापकांची आणि अनुभव दोन-तीन वर्षांचा असेल, तर माणसं टिकत नाहीत असं समजायला जागा आहे.

कटऑफ म्हणजे दर्जा

कटऑफ सांगतो की गेल्या वर्षी किती मुलांना तिथे जायचं होतं आणि जागा किती होत्या. सारख्याच मागणीला ३० जागांची शाखा वर बंद होते, १८० जागांची खाली. सीईटीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीची पीडीएफ उघडली की जीओपनएस, जीओपनएच, एलओपनएस, टीएफडब्ल्यूएस असे रकाने दिसतात. शेवटचा एस राज्यस्तरीय जागांचा, एच गृह विद्यापीठाच्या जागांचा. पहिला एल मुलींच्या जागांचा. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा. एका कॉलेजचा एस आणि दुसऱ्याचा एच शेजारी ठेवणं ही दरवर्षी होणारी चूक आहे. आपल्या प्रवर्गाचा रकाना, तीच फेरी, तेच वर्ष असेल तरच तुलना करा.

पर्सेंटाइलसोबत मेरिट क्रमांक दिलेला असतो, तोही उतरवून घ्या. तीन लाख मुलांनी परीक्षा दिली असेल, तर ९८ आणि ९९ पर्सेंटाइलच्या मध्ये तीन हजार मुलं असतात. एका पॉइंटने वाटतं त्यापेक्षा हे अंतर पुष्कळ मोठं आहे.

विषयांची लांबलचक यादी म्हणजे विस्तार

इथे सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून जरा थांबून पाहू.

आधी एक गैरसमज. विषय कमी असलेली संस्था लहान किंवा कमी प्रतिष्ठेची असते, असं मुळीच नाही. माटुंग्याची आयसीटी रसायन आणि त्याच्या आजूबाजूच्या विषयांत राहिली, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासून अर्थशास्त्र आणि राजकारण घेऊन बसली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रसायनशास्त्राचा विभाग नाही, म्हणून तिचं काही अडलेलं नाही. शिवाय काही क्रमवाऱ्या अशा संस्थांना रचनेतूनच बाहेर ठेवतात. टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक यादीत येण्यासाठी पाच वर्षांत किमान १,००० शोधनिबंध लागतात, आणि ८० टक्के किंवा जास्त काम एकाच विषयगटातलं असेल तर संस्था वगळली जाऊ शकते. तेव्हा एखादं नाव यादीत नसेल, तर आधी यादीचा नियम वाचा.

आता आपल्या पदवी कॉलेजांकडे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ची. त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय), कौशल्याचे विषय, भाषा असं सगळं येतं. ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचं घ्यायचं असतं. नेमका इथेच कॉलेजचा खरा विस्तार उघडा पडतो. ज्या कॉलेजात कला, विज्ञान, वाणिज्य तिन्ही नांदतात, तिथे विज्ञानाच्या मुलीला इतिहास किंवा अर्थशास्त्र त्याच विषयाच्या प्राध्यापकाकडून शिकायला मिळतं. एकच विद्याशाखा असलेल्या कॉलेजात बाहेरचा विषय कुणीतरी शिकवायचा म्हणून शिकवतं.

संकेतस्थळावरच्या बास्केटमध्ये, म्हणजे निवडीच्या विषयांच्या यादीत, २५ विषय दिसतात. पुरेशी मुलं आली नाहीत की विषय सुरू होत नाही, आणि जूनच्या यादीतले सात-आठच ऑगस्टच्या वेळापत्रकात उरतात. म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मागच्या सत्राचं वेळापत्रक मागा. सूचनाफलकावर ते लावलेलं असतं, फोटो काढता येतो. त्यात तीन गोष्टी शोधा. आपल्याला हवा असलेला मायनर खरंच चालला का? ओपन इलेक्टिव्हच्या तासापुढे कुणाचं नाव आहे, आणि तो माणूस त्याच विषयाच्या विभागातला आहे का? मेजर आणि हवा असलेला मायनर एकाच तासाला तर येत नाहीत? तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही, आणि कागदावर शक्य असलेली जोडी तिथेच मोडते.

चौथ्या वर्षाचं आधीच विचारा. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, आणि यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विभागात पीएचडीचे किमान दोन कायम मार्गदर्शक हवेत. ते नसतील तर चौथ्या वर्षासाठी कॉलेज बदलावं लागेल. क्रेडिट बँकेमुळे (मिळवलेले क्रेडिट जमा ठेवणारी व्यवस्था) ते जमतं, पण प्रवेश दुसऱ्या कॉलेजातल्या जागांवर अवलंबून राहतो.

कॉलेज अरुंद असेल तर विस्तार बाहेरूनही मिळवता येतो. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. जर्मन, जपानी, फ्रेंच शिकायला मेजर सोडावा लागत नाही. कॉलेजपासून अशा ठिकाणी पोचायला किती वेळ लागतो, हाही वहीतला एक रकाना करा.

परदेशी नावं वाचताना

परदेशात कॉलेज आणि युनिव्हर्सिटी या शब्दांवरून दर्जा ठरवू नका. डार्टमथ कॉलेज आणि बॉस्टन कॉलेज पीएचडीपर्यंत शिकवतात, लंडनचं इम्पीरियल कॉलेज हे पूर्ण विद्यापीठ आहे, आणि हार्वर्ड कॉलेज हा हार्वर्ड विद्यापीठाचाच पदवीचा भाग. आयव्ही लीग मुळात आठ संस्थांचा क्रीडासंघ. एमआयटी आणि स्टॅनफर्ड त्यात नाहीत.

विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर ही नावं जागतिक क्रमवारीत शोधू नका. ती पदवीच्या अध्यापनावर भर देणारी लिबरल आर्ट्स कॉलेजं आहेत, आणि जागतिक याद्या मुख्यतः संशोधन आणि नावलौकिक मोजतात. क्यूएस या जागतिक क्रमवारीत ३० टक्के गुण केवळ अभ्यासकांमधल्या नावलौकिकाला आहेत, शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाला १०. अमेरिकेत अशा कॉलेजांची यादीच वेगळी निघते. त्यांची तुलना त्याच यादीत करा, आणि तिथेही पहिल्यांदा विभागाच्या पानावर जाऊन पुढच्या सत्रात कोणते वर्ग खरोखर लागलेत ते बघा.